सेंट हेलेन्सची टेकडी: दाट थव्यांनी चुकवलेला हिशेब

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटाच्या ईशान्येला, किनाऱ्यापासून दूर खंडान्त उतारावर, म्हणजे खंडाच्या कडेला तळ खोल उतरत जातो तिथे, सुमारे ११०० मीटर खोल तळातून एक टेकडी वर येते आणि पृष्ठभागाखाली सुमारे ६०० मीटरवर तिचा माथा संपतो. किनाऱ्यावरच्या गावाच्या नावावरून तिला सेंट हेलेन्स हिल म्हणतात. १९८९ मध्ये या टेकडीभोवती विणीसाठी जमलेले ऑरेंज रफी या माशाचे प्रचंड थवे ट्रॉलरना, म्हणजे तळालगत जाळे ओढणाऱ्या बोटींना, सापडले. १९९० मध्ये ऑस्ट्रेलियात या एका माशाची पकड ४० हजार टनांच्या वर गेली. पुढे ती वेगाने घसरली आणि २००६ मध्ये याच माशाची नोंद तेथील पर्यावरण कायद्याखालच्या संकटग्रस्त यादीत, ‘संवर्धनावर अवलंबून’ या वर्गात, करावी लागली. व्यापारी मासेमारीतला मासा या यादीत येण्याची ती पहिलीच वेळ होती. शोधापासून नोंदीपर्यंत सतरा वर्षे गेली आणि एवढ्या काळात या माशाचे अंड्यातून निघालेले पिल्लू वयातसुद्धा येत नाही.

हे प्रकरण अतिमासेमारीचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितले जाते आणि त्यात हाव होतीच. तरीही माझ्या मते ते आधी मोजणीचे प्रकरण आहे. टेकडीवर जे दिसले ते समुद्राचा नमुना समजले गेले, आणि मासा किती वर्षे जगतो हे कळण्याआधीच त्याचा हिशेब मांडला गेला. या दोन्ही चुका समजण्यासाठी टेकडी आणि मासा यांच्याकडे वेगवेगळे पाहावे लागते.

टेकडी की पर्वत?

शाळेच्या भूगोलात जलमग्न पर्वत हा शब्द येतो. त्याच अर्थाने समुद्रपर्वत किंवा सरळ ‘सीमाउंट’ असेही लिहिले जाते. भूशास्त्राच्या काटेकोर व्याख्येनुसार आजूबाजूच्या तळापासून किमान १००० मीटर उंच उठलेला, पण पाण्याबाहेर न आलेला डोंगर म्हणजे समुद्रपर्वत. त्याहून ठेंगणे ते उंचवटे आणि ५०० मीटरच्या आतल्या त्या टेकड्या. माथा सपाट असेल तर गायोट. हे नाव हॅरी हेस या भूशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये दिले. दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या जहाजावर असताना प्रशांत महासागर ओलांडताना त्याने प्रतिध्वनी-मापकाच्या नोंदींत असे सपाट माथे टिपले होते. एकेकाळी हे माथे लाटांच्या पातळीवर होते, तिथे झिजून सपाट झाले आणि मग तळासकट खाली गेले.

या मापाने सेंट हेलेन्सची टेकडी ही टेकडीच ठरते. टास्मानियाच्या दक्षिणेला सुमारे सत्तर ज्वालामुखीय शंकूंचा जो समूह आहे, तेही बहुतेक २०० ते ५०० मीटर उंचीचे आहेत, मात्र सगळे त्यांना समुद्रपर्वतच म्हणतात. मच्छीमार आणि सागरी जीवशास्त्रज्ञ या बाबतीत सैल आहेत आणि ते योग्यच आहे, कारण प्रवाहाला अडवायला, कठीण खडक उघडा ठेवायला आणि मासे गोळा करायला शंभर-दोनशे मीटरचा चढही पुरतो. शब्दाचा हा प्रश्न केवळ पंडिती नाही. एखाद्या नियमात ‘समुद्रपर्वतांवर तळाचे ट्रॉलिंग बंद’ असे लिहिले आणि व्याख्या हजार मीटरची ठेवली, तर या प्रकरणातली सगळी ठिकाणे नियमाबाहेर राहतात.

अशा ठिकाणी मासे का जमतात, याचे पूर्वीचे उत्तर असे होते की डोंगरामुळे खोल पाण्यातील पोषकद्रव्ये वर येतात, वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) वाढतात आणि त्यावर सगळी अन्नसाखळी उभी राहते. उथळ माथ्यांच्या बाबतीत यात तथ्य असू शकते. सहाशे मीटर खोल माथ्यावर मात्र सूर्यप्रकाश पोचतच नाही, त्यामुळे तिथे काही पिकण्याचा प्रश्न येत नाही. अन्न बाहेरून येते. डोंगराच्या कडांवर प्रवाहाचा वेग वाढतो आणि त्याबरोबर कोळंबीसारखे प्राणी, छोटे माकूळ व कंदीलमासे सतत वाहत येतात. यातले बरेच जीव रात्री वर चढतात आणि पहाटे खोल जातात. उतरताना खाली डोंगराचा माथा आला की ते तिथेच अडतात आणि टपून बसलेल्या माशांच्या तोंडी जातात. म्हणजे टेकडी ही शेतासारखी नसून जकात नाक्यासारखी आहे: माल दूरवरून येतो, वसुली एका जागी होते. जे अन्नाच्या बाबतीत खरे, तेच विणीच्या बाबतीतही खरे आहे. एरवी मोठ्या क्षेत्रात विखुरलेले प्रौढ मासे दक्षिण गोलार्धातल्या हिवाळ्यात, जुलैच्या सुमारास, काही आठवडे एका टेकडीवर येतात.

मासा

ऑरेंज रफीचे शास्त्रीय नाव होप्लोस्टेथस अटलांटिकस. १८८९ मध्ये अटलांटिक महासागरातील अझोर्स बेटांजवळच्या नमुन्यावरून त्याचे प्रथम वर्णन झाले. ज्या कुळात तो मोडतो, त्याचे रूढ इंग्रजी नाव ‘स्लाइमहेड’ आहे, म्हणजे शेंबड्या डोक्याचा. डोक्यातल्या हाडांमध्ये श्लेष्माने भरलेल्या नळ्यांचे जाळे असते, म्हणून हे नाव. ते बाजारात चालण्यासारखे नव्हते हे सांगायला नको. जिवंतपणी तो विटकरी लाल असतो आणि मेल्यावर डेकवर नारिंगी होतो. व्यापारी नाव या मेलेल्या रंगाचे आहे. साधारण ३० ते ४० सेंटीमीटर लांबी, वजन एक-दोन किलोच्या घरात, मांस पांढरे, वासाला सौम्य आणि गोठवून महिनोन्महिने टिकणारे. त्वचेखाली मात्र मेणासारख्या तेलाचा थर असतो, जो माणसाला पचत नाही आणि पोट बिघडवतो. म्हणून कातडी जरा खोलवर कापून काढावी लागते.

हा मासा तसा १८० मीटरपासून १८०० मीटरपर्यंत सापडतो, पण त्याचा खरा वावर ५०० ते १५०० मीटरच्या पट्ट्यात, काही अंश सेल्सिअसच्या थंड पाण्यात असतो. त्याची मादी फार अंडी घालत नाही. वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे २२ हजार अंडी हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, परंतु समुद्रातील बहुतेक व्यापारी माशांच्या तुलनेत तो अगदी किरकोळ आहे. त्यातही प्रत्येक प्रौढ मादी दरवर्षी वीण करतेच असे नाही.

पकड

न्यूझीलंडच्या पूर्वेकडील चॅथम राइझ या समुद्राखालच्या उंचवट्यावर १९७० च्या दशकाच्या अखेरीस या माशाची मासेमारी सुरू झाली होती आणि अमेरिकेत त्याला मोठे गिऱ्हाईक मिळाले होते. त्यामुळे टास्मानियाच्या कप्तानांना माशाचे मोल आधीच ठाऊक होते. शोध होता तो जागेचा. उपग्रहावरून स्थाननिश्चिती, खोल पाण्यात चालणारा प्रतिध्वनी-मापक आणि जाळ्याच्या तोंडाची खोली सतत कळवणारे उपकरण या तीन गोष्टी एकत्र आल्याशिवाय सहाशे मीटर खाली लपलेल्या उतारावर जाळे नेमके उतरवणे शक्यच नव्हते. त्या एकत्र आल्यावर तेच काम हातखंडा होऊन बसले. प्रतिध्वनी-मापकाच्या पडद्यावर टेकडीच्या माथ्यावरून धुराच्या लोटासारखा वर चढणारा थवा दिसायचा. बोट प्रवाहाच्या वरच्या अंगाला जाऊन जाळे सोडायची आणि ते उतारावरून खाली घसरत न्यायची. सपाट तळावर ट्रॉल तासन्‌तास ओढावा लागतो; इथे जाळे माशांच्या संपर्कात काही मिनिटेच असायचे आणि तेवढ्यात ते कित्येक टनांनी भरायचे. ते इतके भरायचे की कधीकधी वर येताना जाळ्याची शेवटची पिशवी फाटायची आणि सगळी रास मेलेली बुडून जायची. हे मासे पकडीच्या नोंदीत कुठेच येत नव्हते. पुढे साठ्याचे मूल्यांकन करताना या फुटलेल्या जाळ्यांसाठी जुन्या आकड्यांत वाढ धरावी लागली.

आता मोजणीची पहिली चूक पाहू. मत्स्य-व्यवस्थापनात प्रयत्नामागे पकड हे फार वापरले जाणारे माप आहे: जाळे एकदा ओढल्यावर किंवा तासभर ओढल्यावर किती किलो मासा आला. समुद्रात मासे विखुरलेले असतील तर साठा निम्मा झाला की ही पकडही साधारण निम्मी होते, त्यामुळे माप कामाचे ठरते. टेकडीवर तसे होत नाही. लाख मासे असोत की तीस हजार, विणीच्या वेळी ते त्याच माथ्यावर, त्याच दाटीने येतात; थव्याचा घेर कमी होतो, दाटी तशीच राहते. बोट त्या दाटीतच जाळे टाकते. परिणामी साठा कोसळत असताना प्रत्येक खेपेची पकड बराच काळ चांगली दिसते, आणि ज्या वर्षी ती घसरते त्या वर्षी बराच उशीर झालेला असतो. त्यातच एक टेकडी रिकामी होऊ लागली की बोटी दुसरीकडे वळायच्या, म्हणून एकूण आकडा आणखी काही काळ तरंगत राहायचा. उत्तर प्रशांत महासागरात एम्परर समुद्रपर्वतरांगेवर सोव्हिएत ट्रॉलरना १९६७ मध्ये पेलॅजिक आर्मरहेड या माशाचे असेच जमाव सापडले होते आणि दहा वर्षांच्या आत ते संपत आले होते. धडा समोर होता. पण तो दुसऱ्या माशाचा आणि दुसऱ्या देशाच्या ताफ्याचा असल्यामुळे कोणी आपला मानला नाही.

पकडीवर विसंबून चालणार नाही हे ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांना लवकरच उमगले. त्यांनी दोन स्वतंत्र वाटा धरल्या: ध्वनिलहरींनी थव्याचे मोजमाप आणि पाण्यातल्या अंड्यांची मोजणी. ध्वनीचे काम दिसते तितके सोपे नाही. बहुतेक माशांचा प्रतिध्वनी त्यांच्या हवेने भरलेल्या वाताशयामुळे, म्हणजे तरंगायला मदत करणाऱ्या पोटातल्या पिशवीमुळे, उमटतो. ऑरेंज रफीच्या वाताशयात हवेऐवजी मेणासारखे तेल असते, म्हणून त्याचा प्रतिध्वनी क्षीण येतो, आणि त्याच थव्यात हवेचे वाताशय असलेले थोडेसे दुसरे मासे असले तरी तेच पडदा भरून टाकतात. शिवाय तीव्र उतारावर तळाला लगटून बसलेले मासे तळाच्याच प्रतिध्वनीत हरवतात. म्हणून एका बाजूने जास्त आणि दुसऱ्या बाजूने कमी मोजण्याचा धोका राहतो. ध्वनिग्राहक खोल ओढत नेऊन, जाळ्याने नमुने घेऊन आणि अंड्यांच्या संख्येवरून माद्यांचा अंदाज बांधून हे आकडे एकमेकांशी ताडून पाहावे लागले.

कानातला खडा

दुसरी चूक वयाची. माशाच्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचा एक छोटा खडा असतो, त्याला कर्णाश्म म्हणतात. झाडाच्या खोडाप्रमाणे त्यावर दरवर्षी एक वलय चढते आणि वलये मोजून वय काढतात. ऑरेंज रफीचा कर्णाश्म अखंड ठेवून बाहेरून पाहिला तर मोजता येण्यासारखी वीस-पंचवीस वलये दिसतात, आणि सुरुवातीचे अंदाज त्याच आसपास होते. अडचण अशी की मासा वयात आला की त्याची लांबी जवळपास थांबते आणि कर्णाश्मही बाहेरच्या दिशेने न वाढता आतल्या बाजूने जाड होत जातो. पुढची सगळी वर्षे त्या जाडीत, केसाइतक्या बारीक थरांत, दडलेली असतात. खडा आडवा कापून, कागदाइतका पातळ घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तरच ती दिसतात. आणि दिसली तरी प्रत्येक थर एका वर्षाचाच कशावरून, हा वाद उरतोच.

हा वाद किरणोत्सर्गाने मिटवला, आणि या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत देखणे वाटणारे काम हेच आहे. मासा लहान असताना समुद्राच्या पाण्यातील रेडियम-२२६ अल्प प्रमाणात कॅल्शियमसोबत कर्णाश्माच्या गाभ्यात जाऊन बसते. त्याचा ऱ्हास होता होता पुढे शिसे-२१० तयार होते, ज्याचे अर्धायुष्य सुमारे २२ वर्षे आहे. गाभा बंद झाल्यावर रेडियमच्या तुलनेत हे शिसे किती साठले, हे मोजले की वलये न मोजताही वय निघते. टास्मानियातील संशोधकांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रौढावस्थेचे वय सुमारे ३२ वर्षे आणि सर्वांत वयस्क माशाचे वय १४९ वर्षांपर्यंत आले. पडद्यावरच्या त्या लोटातले कित्येक मासे या जातीला शास्त्रीय नाव मिळण्याआधी जन्मलेले होते.

या एका आकड्याने सगळा हिशेब फिरला. मासा पंचवीस वर्षे जगत असेल तर दरवर्षी साठ्यातला मोठा वाटा नैसर्गिकरीत्या मरतो आणि तितकाच नव्याने भरतो. त्यातला बराचसा भाग माणसाने उचलला तरी चालते. शंभर वर्षे जगणाऱ्या माशाचा नैसर्गिक मृत्युदर वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपास धरला जातो आणि टिकाऊ पकड मूळ साठ्याच्या वर्षाला एक-दोन टक्क्यांच्या वर जात नाही. एक लाख टनांचा अस्पर्श साठा असेल तर त्यातून वर्षाला हजार-दोन हजार टन. एवढ्यासाठी कोणी ताफा बांधत नाही, कर्ज काढत नाही. त्या काळी व्यवस्थापनाची रूढ पद्धत अशी होती की नवा साठा आधी काही वर्षे ‘उतरवायचा’, म्हणजे मुद्दाम जास्त पकडून तो मूळच्या सुमारे ३० टक्क्यांवर आणायचा आणि मग तिथे स्थिर ठेवायचा. पद्धत कागदावर तर्कशुद्ध होती. मात्र उतरवण्याच्या वर्षांत बोटी, कारखाने आणि बाजार त्या फुगलेल्या पकडीच्या मापाने उभे राहतात, आणि तीस टक्क्यांची रेघ आली की त्यांना एकदम थांबायला सांगावे लागते. वयाचा निष्कर्ष हाती आला तेव्हा पकड शिखर ओलांडत होती. कोटे कमी झाले, पुढेही होत राहिले, पण साठा त्यांच्या पुढे धावत खाली गेला.

माशाखालचा तळ

आतापर्यंत फक्त माशाचा विचार झाला. ट्रॉल जाळ्याचे तोंड उघडे ठेवणाऱ्या जड पोलादी फळ्या आणि खडकावरून गडगडत जाणाऱ्या गोळ्यांची खालची दोरी टेकडीच्या उतारावरून शेकडो वेळा गेली, तेव्हा तिथे काय होते हे १९९७ पर्यंत फारसे कोणी पाहिले नव्हते. त्या वर्षी टास्मानियाच्या दक्षिणेच्या समूहातील चौदा समुद्रपर्वतांवर नमुने घेतले गेले. जिथे ट्रॉल फारसा गेला नव्हता तिथे सोलेनोस्मिलिया या शीतजल प्रवाळाची जाळीदार वाढ, आणि तिच्या आधाराने राहणारे इतर अपृष्ठवंशी प्राणी होते. जिथे सर्वाधिक ट्रॉलिंग झाले तिथे उघडा खडक आणि प्रवाळाचा चुरा. अस्पर्श पर्वतांवरचा तळजीवांचा जैवभार, म्हणजे एकूण वजन, १०६ टक्के अधिक, म्हणजे दुपटीहून जास्त होता आणि प्रत्येक नमुन्यातील जातींची संख्या ४६ टक्क्यांनी अधिक होती. सापडलेल्या अपृष्ठवंशी जातींपैकी २४ ते ४३ टक्के विज्ञानाला नवीन होत्या.

१९९५ मध्ये यातील काही भाग तात्पुरता बंद झाला होताच. १९९९ मध्ये ३७० चौरस किलोमीटरचे टास्मानियन सीमाउंट्स राखीव क्षेत्र जाहीर झाले. त्याची रचना उभी होती: वरच्या ५०० मीटर पाण्यात ट्यूनासारखी मासेमारी चालू शकत होती, त्याखाली तळापर्यंत आणि तळाच्या आत आणखी १०० मीटर सगळे बंद होते. जमिनीवरच्या अभयारण्याचा नकाशा सपाट कागदावर मावतो. समुद्रात खोलीची बाजूही लिहावी लागते, हे या सीमारेषेवरून नीट कळते.

बंदी घातल्यावर प्रवाळ परत येतो का, याचे उत्तर टास्मानियापेक्षा न्यूझीलंडकडे अधिक स्पष्ट मिळाले. चॅथम राइझवर ग्रेव्हयार्ड, मॉर्ग, झॉम्बी अशा नावांचा टेकड्यांचा एक समूह आहे. स्मशान, शवागार वगैरे नावे ठेवताना कोणाला फार दूरचे दिसत होते असे नाही, पण ती चपखल बसली. २००१ मध्ये न्यूझीलंडने १९ समुद्रपर्वत ट्रॉलिंगसाठी बंद केले आणि त्यांत मॉर्ग होता. पुढची सुमारे पंधरा वर्षे त्याच जागी पुन्हा पुन्हा कॅमेरे उतरवले गेले. प्रवाळ सावरल्याची फारशी चिन्हे दिसली नाहीत. खुल्या समुद्रासाठी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००६ मध्ये ठराव करून समुद्रपर्वत आणि शीतजल प्रवाळ यांसारख्या नाजूक परिसंस्थांना तळाच्या मासेमारीपासून वाचवण्याची जबाबदारी देशांवर आणि प्रादेशिक मत्स्य-संघटनांवर टाकली. सेंट हेलेन्सची टेकडी ऑस्ट्रेलियाच्याच अनन्य आर्थिक क्षेत्रात, म्हणजे जिथल्या माशांवर त्याच देशाचा हक्क असतो त्या पाण्यात, असल्याने तिचा निर्णय घरचा होता.

पुन्हा उघडलेले दार

२००६ च्या नोंदीनंतर सेंट हेलेन्सची टेकडी ज्यात येते त्या पूर्व विभागात ऑरेंज रफीची लक्ष्यित मासेमारी, म्हणजे मुद्दाम त्याच माशासाठी केलेली मासेमारी, थांबवण्यात आली. नव्या धोरणात दोन रेघा ठरल्या: साठा मूळच्या २० टक्क्यांखाली असेल तर लक्ष्यित पकड नाही, आणि दीर्घकालीन उद्दिष्ट ४८ टक्के. पूर्व विभागाचा साठा खालची रेघ ओलांडून वर आल्याचे मूल्यांकनात दिसल्यावर २०१५ मध्ये तिथे मर्यादित कोट्याने मासेमारी पुन्हा सुरू झाली. जुन्या पकडीच्या तुलनेत हा कोटा नगण्य आहे आणि धोरणाच्या निकषांवर निर्णय योग्यच होता.

तरी एक गोष्ट वेगळी काढून पाहावी लागते. १९९० च्या आसपास जाळ्यात गेले ते विणीला आलेले प्रौढ मासे. वयात न आलेले मासे टेकडीवर येतच नाहीत, त्यामुळे त्यांच्या जवळपास तीस वर्षांच्या पिढ्या त्या धुमाळीतून वाचल्या आणि एकेक करून पुढच्या काळात प्रौढ होत गेल्या. २०१५ मध्ये पहिल्यांदा विणीला आलेला मासा १९८५ च्या सुमारास जन्मलेला होता, म्हणजे साठा भरलेला असताना घातलेल्या अंड्यांतला. सावरलेला दिसलेला साठा हा त्या जुन्या, भरल्या घराचा होता. घर रिकामे झाल्यानंतर, १९९५ च्या हिवाळ्यात उरलेल्या माद्यांनी घातलेल्या अंड्यांतून जी पिल्ले जगली, ती त्या टेकडीवर येण्याच्या वयाला पोचू लागली आहेत ती २०२५ नंतर.